मुरलेली वाईन : चव मराठीत कशी सांगायची आणि बाटली किती वर्षं ठेवायची?

सांजवेळ | २० ऑक्टोबर २०२४, सकाळी ११:१०

काल शनिवारी आमच्याकडे सहा जण जमलो आणि चार बाटल्या उघडल्या. सगळ्या ‘एखाद्या खास दिवसासाठी’ म्हणून वर्षानुवर्षं राखून ठेवलेल्या. खास दिवस काही उगवेना. मागच्या आठवड्यात एका बाटलीच्या बुचाखालून चिकट ओघळ आलेला दिसला, तेव्हा म्हटलं, पुरे झालं.

पहिली जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची पांढरी रीसलिंग, श्पेटलेझ (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची), २००७ ची. नणंद जर्मनीत असते. गेल्या वर्षीपर्यंत ही बाटली तिच्या तळघरातच होती. दुसरी बारोलो, इटलीची लाल, २०१०. भावाने मिलानहून आणलेली, आल्यापासून आमच्या जुन्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी. तिसरी नाशिकची लाल शिराझ, २०१४ ची, पुण्यात कपड्यांच्या कपाटावर दहा वर्षं उभी. (ओघळ हिचाच.) चौथी मदेरा, दहा वर्षं मुरवून मगच बाटलीत भरलेली.

आता खरी गंमत. आम्ही सहाही जण इंग्रजी पुस्तकातले शब्द फेकत बसलो होतो. ब्लॅककरंट, गूजबेरी, फॉरेस्ट फ्लोअर. ब्लॅककरंट आमच्यापैकी एकानेही कधी खाल्लेलं नाही! सासूबाई वाईन पीत नाहीत, पण वास घ्यायला त्यांची हरकत नव्हती. चारही ग्लास ओळीने नाकाशी नेले आणि ताडताड सांगून मोकळ्या झाल्या.

रीसलिंग : “लिंबाचं मुरलेलं लोणचं, मध, आणि मागे कुठेतरी रॉकेल. स्टोव्ह नुकताच विझवलाय असं.”

बारोलो : “गुलकंद. आणि रस्त्यावर डांबर ओततात ना, ते.”

मदेरा : “काकवी, अक्रोड, भाजलेली मेथी.”

शिराझ : नाक मुरडलं. “हा मोरावळा खाली लागलाय.”

मी नंतर पुस्तक काढून पाहिलं. जुन्या रीसलिंगला पेट्रोलचा वास, बारोलोला डांबर आणि गुलाब, हे जगभरचे लोक लिहितात. सासूबाईंनी त्यातलं एक अक्षर वाचलेलं नाही.

प्रश्न दोन. आपल्या शब्दांत वाईनची चव लिहिणारं इथे कुणी आहे का? आणि घोट घेऊन ‘ही अजून दहा वर्षं टिकेल’ हे जाणकार कशावरून सांगतात? माझी शिराझ मेली ती कशाने?


पंचाईत | २० ऑक्टोबर २०२४, दुपारी १:०२

सासूबाईंना साष्टांग नमस्कार. बाकी सगळं थोतांड आहे.

२००१ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाईनचंच शिक्षण घेणारे ५४ विद्यार्थी. त्यांच्यापुढे पांढरी वाईन ठेवली, आणि तीच वाईन बिनवासाचा लाल रंग घालून पुन्हा ठेवली. लाल ग्लासचं वर्णन करताना पठ्ठ्यांनी सगळे लाल वाईनचे शब्द वापरले. म्हणजे नाक डोळ्यांच्या तालावर नाचतं. लेबलवर किंमत दिसली की मग तर विचारूच नका. सोव्हिन्यों ब्लां नावाच्या पांढऱ्या वाईनला ‘मांजराच्या मुताचा वास’ असं कौतुकाने लिहितात म्हणे. आमच्या जिन्यात तो रोज फुकट मिळतो.


काळीमिरी | २० ऑक्टोबर २०२४, दुपारी ३:४५

पंचाईत, प्रयोग खरा, पण त्यातून थोतांड सिद्ध होत नाही. रंग दिसला की डोकं आधीच शब्द निवडतं, एवढंच त्यातून कळतं. म्हणून तर नीट चाखायचं असेल तेव्हा बाटलीला फडकं गुंडाळतात, काही ठिकाणी काळे ग्लास वापरतात. आणि सासूबाईंना कुठे ठाऊक होतं काय किमतीचं आहे ते?

मी खाद्यरसायनात काम करते, म्हणून थोडं नाकाच्या बाजूने. वाईनमध्ये मेथी कुणी घालत नाही, पण सोटोलॉन नावाचा एक पदार्थ असतो. मेथीदाण्याचा जो ओळखीचा वास, तो मुख्यतः त्याचाच. जुन्या मदेरात तोच सापडतो, फ्रान्सच्या जुरा भागातल्या व्हँ झोन नावाच्या वाईनमध्ये सापडतो, जुन्या सोतेर्न या गोड फ्रेंच वाईनमध्येही. इंग्रजी पुस्तकं तिथे ‘करी’ किंवा ‘मेपल सिरप’ लिहितात, कारण त्यांच्या घरात मेथीची बरणी नाही. सासूबाईंचा शब्द पुस्तकापेक्षा अचूक आहे.

तसंच शिराझमधल्या मिऱ्यांचं. रोटंडोन नावाच्या रेणूमुळे तो वास येतो, आणि काळ्या मिऱ्यांतही तोच असतो. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. (माझं टोपणनाव त्याच्या आधीचं आहे, चोरी नाही.) शार्डने या पांढऱ्या वाईनला लोण्याचा वास येतो तो डायअसिटिलमुळे. विरजण लावून काढलेल्या लोण्यात तेच असतं. पहिल्या पावसाच्या मातीचा वास जिओस्मिनचा. वाईनमध्ये तो आला तर मात्र दोष समजतात, आपल्याला कितीही आवडत असला तरी.


मोझेलकाठ | २० ऑक्टोबर २०२४, संध्याकाळी ७:३०

मी जर्मनीत मोझेलकाठी, ट्रीअरजवळ राहते, त्यामुळे रीसलिंगवर माझा हक्क.

रॉकेलच्या वासाचं नाव टीडीएन. द्राक्षाच्या सालीतल्या रंगद्रव्यांपासून बनतो, आणि बाटलीत वर्षं जातील तसा वर येतो. ज्या द्राक्षांना ऊन जास्त लागलं त्यांत जास्त. इथले काही उत्पादक हा शब्द उच्चारला तरी नाराज होतात, कारण कोवळ्या वाईनमध्ये तो आला तर गिऱ्हाईक बाटली परत करतं. सतरा वर्षांच्या श्पेटलेझमध्ये मधासोबत हलकासा आला तर माझ्या सासऱ्यांचे डोळे मिटतात.

आता टिकण्याबद्दल. तुमच्या चार बाटल्यांत सगळ्यात कमी दारू या रीसलिंगमध्ये असेल, बहुधा ७-८ टक्के. तुरटपणा नाही. कोवळेपणी रंग पाण्यासारखा. दिसायला इतकी नाजूक, तरी सतरा वर्षं ताठ उभी, ती आंबटपणा आणि साखर या दोघांच्या जोरावर. मोझेलच्या काठचे मळे इतके उभे आहेत की काही ठिकाणी माणूस दोरीला धरून काम करतो. जमीन पाटीच्या दगडाची, काळी. दिवसा तापते आणि रात्री तीच ऊब वेलीला देते. द्राक्ष सावकाश, ऑक्टोबरच्या थंडीत पिकतं, त्यामुळे आंबटपणा जळून जात नाही.

आमच्याकडे कोवळी रीसलिंग प्यायली की दात आंबतात. अक्षरशः. कैरीचा तुकडा चावल्यासारखे. ते दात आंबणं म्हणजेच तिची पुढच्या वीस वर्षांची शिदोरी.


तांब्याभांडं | २० ऑक्टोबर २०२४, रात्री ९:१५

एक भाबडा प्रश्न. मी दुकानातून सातशे रुपयांची लाल बाटली आणली आहे. दहा वर्षं ठेवली तर भारी होईल का? जुनी वाईन म्हणजे चांगली वाईन असंच ऐकत आलोय.


सांजवेळ | २० ऑक्टोबर २०२४, रात्री ९:४०

@तांब्याभांडं, मीही हेच ऐकत आले आणि कपाटावर शिराझ मारली.


मोझेलकाठ | २० ऑक्टोबर २०२४, रात्री ११:०५

तांब्याभांडं, या शनिवारी प्या ती. जगात बनणाऱ्या बहुतेक वाईन दोन-तीन वर्षांत संपवण्यासाठीच बनवलेल्या असतात. ठेवल्याने त्या मुरत नाहीत, फक्त शिळ्या होतात. प्रत्येक कैरीचं लोणचं होत नाही, काहींची कोशिंबीरच करायची असते.

घोट घेऊन कसं ओळखायचं, हे मला इथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने शिकवलं. त्याचं शिक्षण काही नाही, पण आयुष्य मळ्यात गेलेलं. तो सांगतो, गिळल्यावर वाईनकडे लक्ष देऊ नकोस, तुझ्या तोंडाकडे दे. जिभेखालून, गालांच्या आतून लाळ सुटते का? किती वेळ सुटत राहते? ती आंबटपणाची मोजणी. लाल वाईन असेल तर हिरड्यांवरून जीभ फिरव. जांभूळ खाल्ल्यावर किंवा कोरा चहा फार उकळल्यावर तोंड जसं आवळून येतं, तसं होतं का? तो तुरटपणा. हे टॅनिन नावाच्या द्रव्याचं काम, आणि खरं तर तुरटपणा ही चव नव्हे, स्पर्श आहे. लाळेतल्या प्रथिनांना धरून ते तोंड कोरडं करतं.

नवशिके इथे चुकतात. नुसतं तुरट आणि आंबट असलं म्हणून वाईन टिकते असं नाही. मध्ये गर हवा. कच्च्या केळ्यातही तुरटपणा असतो, ते दहा वर्षं ठेवून कुणी मोठं झालेलं नाही. फळाचा भर भरपूर हवा, आणि गिळल्यावर चव रेंगाळली पाहिजे. फ्रेंच लोक हे रेंगाळणं सेकंदांत मोजतात, एका सेकंदाला एक ‘कोदाली’ म्हणतात. माझा शेजारी मोजत नाही. तो खिडकीबाहेर बघतो, आणि चव गेली की मान हलवतो. चांगल्या वाईनला आम्ही सगळे गप्प बसून त्याच्या मानेकडे बघत असतो.


काळीमिरी | २१ ऑक्टोबर २०२४, सकाळी ८:२०

छान लिहिलंत. त्यात बारोलोची जोड देते.

बारोलो बनते नेबिओलो द्राक्षाची. रंग फिका, की लोकांना वाटतं पातळ आहे. तोंडात घेतली तर हिरड्या सोलून निघतात. नियमानेच ती ३८ महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. ‘रिझेर्वा’ असेल तर ६२ महिने.

बाटलीत काय होतं? टॅनिन आणि सालीचा रंग हळूहळू एकमेकांना धरतात, साखळ्या लांबत जातात, जड होतात आणि तळाला बसतात. हाच तो साका. तुरटपणा मऊ होतो, कारण त्यातला काही भाग चक्क बाटलीच्या बुडाशी जाऊन बसलेला असतो! रंगही सांगतो. कोवळी लाल वाईन जांभळट, मग माणकासारखी, मग कडेला विटकरी. पांढरी उलट गडद होत जाते, लिंबाच्या रंगावरून सोनेरी, मग मधासारखी. ग्लास तिरपा धरून पांढऱ्या कागदावर कड बघायची.

सांजवेळ, बारोलोत साका होता का? आणि बाटली आदल्या दिवशी उभी केली होती का?


सांजवेळ | २१ ऑक्टोबर २०२४, सकाळी १०:००

साका होता, पण उभी कुठली करतेय! थेट फ्रिजमधून काढून ओतली. शेवटच्या दोन ग्लासांत चहाची पूड पडल्यासारखं झालं. ते दोन्ही ग्लास नवऱ्याला दिले.

बाकी अप्रतिम होती. चौदा वर्षांनीही तुरट होती, पण कडक तुरट नाही. सुपारी चघळून झाल्यावर मागे जी गोडसर कोरड उरते, तशी. पहिल्या अर्ध्या तासात बंद मुठीसारखी, काहीच हाती लागेना. दोन तासांनी गुलकंद सुटला. त्याखाली सुकं अंजीर, ज्येष्ठमध, आणि गोडा मसाला भाजताना दगडफुलाचा जो वास येतो तो. पुस्तकातलं फॉरेस्ट फ्लोअर म्हणजे दगडफूलच, असं आता माझं ठाम मत झालंय.


बागाईतदार_निफाड | २१ ऑक्टोबर २०२४, रात्री ८:५०

राम राम मंडळी. दोन दिवस धागा वाचतोय. नाशिकच्या शिराझवर मोरावळ्याचा ठपका बसला म्हणून लिहायला बसलो.

ताई, आधी एक सांगा. जर्मनीची बाटली सोळा वर्षं तळघरात. इटलीची फ्रिजमध्ये. आणि आमची कपाटावर? पुण्यात एप्रिल-मे मध्ये, छताच्या दोन हात खाली, तीही उभी! उभ्या बाटलीचं बूच सुकतं, आकसतं, हवा आत शिरते. वरून उन्हाळ्यात वाईन फुगते आणि बुचाला ढकलते, रात्री पुन्हा बसते. दहा उन्हाळे असा भाता चालला. ओघळ येणारच. त्यात द्राक्षाचा काय दोष? वाईनला १२-१४ अंशांची एकसारखी थंडी लागते, अंधार लागतो, आडवं झोपायला लागतं.

तरी खरं ते सांगतो. आमची अडचण आहेच. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात उठते, आणि द्राक्ष पिकतं तेव्हा हवा थंड होत चाललेली असते. आमच्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून दोनदा छाटतो. एप्रिलात खरड छाटणी, ती काडी तयार करायला. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती फळाला. माल येतो जानेवारीअखेर ते मार्च. थंडीत निफाडचा पारा पार खाली जातो, त्या दिवसांत मणी छान आंबट राहतो. पण पिकण्याचा शेवटचा टप्पा नेमका हवा तापू लागते तेव्हा. एक आठवडा उशीर झाला की साखर चढते आणि आंबट झपाट्याने उतरतं. रिफ्रॅक्टोमीटर हातात घेऊन आम्ही बागेत फिरतो तेव्हा काटा फक्त साखरेचा दिसतो. आंबट जिभेवरच बघावं लागतं. पहाटे अंधारात बॅटरी लावून तोडणी करतो ती हौस म्हणून नाही.

दुसरं असं की, इथल्या वाईनच्या बागा बहुतेक २००० नंतरच्या. कुठल्या वाफ्याचा माल किती वर्षं टिकतो हे कळायला एक पिढी लागते. बोर्दोवाल्यांनी १८५५ साली प्रतवारीची यादी केली, तेव्हा त्यांच्या गाठीला शेकडो वर्षं होती. माझा स्वतःचा अनुभव विचाराल तर आमची पांढरी, म्हणजे शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, त्याच वर्षी प्यावी. पिंपातली चांगली लाल, शिराझ किंवा कॅबरने, पाच-सात वर्षं नीट ठेवली तर सुधारते. दहा मी कुणाला सांगणार नाही. पण कपाटावर तर एक वर्षही नाही.


पणजीकर | २१ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:३५

बागाईतदार, अगदी बरोबर. पण उन्हाचा एक अपवाद याच धाग्यात बसलाय. मदेरा!

मदेरा हे अटलांटिकमधलं पोर्तुगीज बेट. पोर्तुगालहून हिंदुस्थानकडे निघालेली जहाजं तिथे थांबून पाणी-रसद घेत आणि वाईनची पिंपं चढवत. विषुववृत्त ओलांडून, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून गोव्याकडे. न विकलेली काही पिंपं तशीच परत गेली, आणि उघडून बघतात तर वाईन बिघडायच्या ऐवजी सुधारलेली. जहाजाच्या पोटातला उकाडा आणि महिनोन्महिने हेलकावे. मग लोक मुद्दाम पिंपं फिरवायला पाठवू लागले. त्या वाईनला ‘व्हिन्यु द रोदा’ म्हणत, म्हणजे फेरी मारून आलेली. पुढे जहाजाचा खर्च नको म्हणून बेटावरच उष्णता द्यायची युक्ती काढली. साधी मदेरा टाकीत ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने तापवतात. चांगली मात्र माळ्यावर पिंपांत ठेवतात, वर्षानुवर्षं, छपराच्या उन्हात.

म्हणजे कपाटावर ठेवायचीच होती तर सांजवेळताईंनी मदेरा ठेवायला हवी होती. जे व्हायचं ते तिचं आधीच झालेलं असतं. शिजून, करपून, हवा खाऊन ती निर्ढावलेली असते. उघडल्यावरही महिनोन्महिने बिघडत नाही. आमच्या आजोबांकडे एक अर्धी बाटली सणावारी निघायची, कधी संपली ते आठवत नाही. (गोव्यात दुकानात ‘पोर्ट वाईन’ म्हणून जे गोड मिळतं ते वेगळं प्रकरण. त्यावर वेगळा धागा काढा, मी भांडायला येतो.)


पंचाईत | २२ ऑक्टोबर २०२४, दुपारी १२:२५

बरं, रेणू मान्य. पण जुनी वाईन विकत घेणारे श्रीमंत लोक ती चव ओळखतात हे मान्य नाही.

रूडी कुर्नियावान आठवा. अमेरिकेत घरच्या ओट्यावर वाईनी मिसळून फ्रान्समधल्या बर्गंडीच्या जुन्या वाईन म्हणून कोट्यवधींना विकल्या. मोठमोठ्या जाणकारांनी त्या प्यायल्या आणि वाहवा केली. पकडला गेला तो चवीने नाही. २००८ च्या एका लिलावात त्याने बर्गंडीतल्या पोन्सो या वाईन बनवणाऱ्या घराण्याच्या ‘क्लो सँ-दनी’ वाईनच्या १९४५ ते १९७१ मधल्या बाटल्या ठेवल्या, आणि लोराँ पोन्सो स्वतः विमानाने येऊन म्हणाला की आम्ही ही वाईन बनवायला लागलोच १९८२ साली! २०१३ मध्ये दोषी ठरला, पुढच्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा झाली. नाकाने नाही, कॅलेंडरने पकडला.


काळीमिरी | २२ ऑक्टोबर २०२४, संध्याकाळी ६:१०

हा मुद्दा मात्र कबूल. तरी नाकाची एक बाजू ऐका.

२४ मे १९७६, पॅरिस. स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज दुकानदाराने फ्रेंच परीक्षकांपुढे बाटल्या झाकून कॅलिफोर्निया आणि फ्रान्स समोरासमोर ठेवले. लाल वाईनमध्ये कॅलिफोर्नियाची १९७३ ची स्टॅग्ज लीप पहिली आली, फ्रान्सची मूतों रोथशिल्ड १९७० दुसरी. फ्रेंच वाईनवाल्यांत नाराजी. मग नेहमीचा बचाव सुरू झाला. आज गोड लागतात हो, पण कॅलिफोर्नियाच्या वाईन मुरणार नाहीत. तीस वर्षांनी बघा.

तीस वर्षांनी खरंच बघितलं. २००६ मध्ये त्याच लाल वाईन लंडन आणि कॅलिफोर्नियातल्या नापा इथे एकाच दिवशी, पुन्हा झाकून चाखल्या. पहिली आली रिज माँटे बेलो १९७१, जी १९७६ मध्ये पाचवी होती. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या.

मला यातली रिजची चढती कमान आवडते. पाचव्या नंबरची मुलगी तीस वर्षांनी वर्गात पहिली! कोवळेपणी जी सगळ्यांना खूश करते तीच पुढे टिकते असं नाही. कोवळी असताना थोडी अंग चोरून बसलेली, आंबट, आवळलेली असते, तिच्यावर मी तरी पैसे लावीन.


बागाईतदार_निफाड | २२ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:३०

काळीमिरीताई, हे वाचून बरं वाटलं. ‘मुरणार नाही’ हे आम्हालाही रोज ऐकावं लागतं.

सांजवेळताई, एक प्रयोग करा. एकाच वर्षाच्या, एकाच खोक्यातल्या दोन शिराझ घ्या. एक फ्रिजमध्ये खाली आडवी. दुसरी त्याच कपाटावर. शेजारी तापमापी ठेवा. उन्हाळा जाऊ दे. पावसाळ्यात दोन्ही फडक्यात गुंडाळून सासूबाईंपुढे ठेवा. पंचाईतांनाही बोलवा.


पंचाईत | २२ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:३४

येतो. फडकं मी बांधणार.


तांब्याभांडं | २७ ऑक्टोबर २०२४, सकाळी ९:५०

सातशेवाली काल प्यायलो. करवंदं, थोडं मिरं, शेवटी जरा जास्तच भपकारा. ओल्या गोणपाटाचा वास येतो का तेही बघितलं, बुचातून टीसीए नावाचा दोष उतरला की तसा कुबट वास येतो असं वाचलं होतं. नाही आला. हे बरोबर लिहिलंय का?


मोझेलकाठ | २७ ऑक्टोबर २०२४, दुपारी २:४०

करवंदं! हाच तो शब्द. ब्लॅककरंट मी इथे बागेत तोडून खाते. चीक लागलेल्या, नीट न पिकलेल्या करवंदाची याद येतेच. भपकारा कमी करायचा तर पुढच्या वेळी पिण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. ‘लाल वाईन खोलीच्या तापमानाला’ हा नियम युरोपातल्या थंड खोल्यांचा आहे, तुमच्या दिवाणखान्याचा नाही.


सांजवेळ | १४ जुलै २०२५, रात्री १०:४५

धागा वर काढतेय. प्रयोग झाला.

नोव्हेंबरात नाशिकची शिराझ घेतली, २०२२ ची, एकाच खोक्यातल्या दोन. बागाईतदारांनी सांगितल्याप्रमाणे ठेवल्या. कपाटावरच्या तापमापीने एप्रिलच्या शेवटी दुपारी ३७ दाखवले, आणि रात्री बाराला ३३. मला वाटायचं रात्री तरी थंड होत असेल. फ्रिजमधली सगळा वेळ ८-९ अंशांवर. ते जरा जास्तच थंड, पण स्थिर.

परवा शनिवारी पंचाईत आले, फडकी बांधली, नंबर घातले, आम्हाला खोलीबाहेर काढलं. त्यांना स्वतःलाही कळू नये म्हणून आमच्या मुलाने नंबर अदलाबदल केले. सहा जणांनी चाखल्या. पाच जणांनी कपाटावरची ओळखली. फक्त एक उन्हाळा, तरी. फ्रिजमधलीत जांभूळ, मिरं, लवंग, थोडं कोकमाचं आगळ, तोंडात अजून करकरीत. कपाटावरचीत फळ दबलेलं, सुकं मनुकं आणि करपलेला गूळ, आणि शेवटी चव अर्ध्यावर सोडून निघून गेल्यासारखी. कडेचा रंगही किंचित विटकरी. दोन वेगळ्या वर्षांच्या वाईन आहेत असं नवऱ्याने पैजेवर सांगितलं.

सासूबाईंनी दोन्ही हुंगल्या आणि कपाटावरच्या ग्लासकडे बोट करून म्हणाल्या, “ही ती गेल्या वेळचीच. अजून लागली नाहीये, पण गॅस मोठा आहे.”

चुकलेले एकच. पंचाईत.


पंचाईत | १४ जुलै २०२५, रात्री ११:०२

मी चुकलो नाही. मला कपाटावरची जास्त आवडली, म्हणून ती फ्रिजमधली असणार असा तर्क केला. मनुका-गुळाची चव मला आवडते, त्याला मी काय करू?


पणजीकर | १४ जुलै २०२५, रात्री ११:१०

याला कुणीतरी मदेरा पाजा.


बागाईतदार_निफाड | १५ जुलै २०२५, सकाळी ६:१५

पंचाईत, कधीही या. मार्चमध्ये तोडणीला आलात तर पहाटे चारला बॅटरी धरायला माणूस लागतोच. ताई, त्याच खोक्यातल्या अजून चार माझ्याकडे आहेत, १४ अंशांवर, आडव्या. दोन तुमच्या नावाने चिठ्ठी लावून ठेवल्यात. २०२८ च्या आत मागू नका.